नुम्मुस

उत्तरकालीन रोमन साम्राज्यात रोजच्या व्यवहारात चालणारे कांस्य नाणे. सम्राट डायोक्लीशनने इ. स. २९४ च्या सुमारास केलेल्या चलनसुधारणेत ते प्रथम पाडण्यात आले. तेव्हा ते मुळीच लहान नव्हते. एका रोमन पौंडात ३२ नाणी या मानाने त्याचे वजन सुमारे १० ग्रॅम भरे, मिश्रधातूत अल्पसे रुपे असे आणि वर रुप्याचा पातळ मुलामा दिलेला असे.

जुन्या सूचींत व संग्राहकांत या नाण्याला ‘फॉलिस’ म्हणण्याची रूढी आहे. तथापि फॉलिस या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ चामड्याची पिशवी असा असून, चौथ्या शतकात तो मोजून मोहोरबंद केलेल्या नाण्यांच्या थैलीसाठी व त्यावरून हिशेबाच्या एककासाठी वापरला जाई. नुम्मुस म्हणजे नुसते ‘नाणे’, त्यामुळे हा शब्दही निर्णायक नाही. परंतु पश्चिम रोमन सम्राट व्हॅलेंटिनियन तिसरा याच्या ४४५ च्या कायद्यात सोन्याच्या सॉलिडसचा भाव नुम्मुसांतच सांगितला असल्याने तोच शब्द अधिक ग्राह्य वाटतो. मूल्याचा प्रश्न याहून बिकट आहे. आशिया मायनरमधील (आजच्या तुर्कस्तानातील) आफ्रोडिसियस या नगरातील शिलालेखावरून १ सप्टेंबर ३०१ पासून नाण्यांचे मूल्य दुप्पट केल्याचे कळते. त्यानुसार नुम्मुस १२.५ वरून २५ देनारियसांचे (देनारियस हे तेव्हाचे हिशेबाचे एकक) झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र लेख खंडित असल्याने या आकड्यांवर एकमत नाही.

कॉन्स्टंटाइनच्या काळात, ३०७ पासून, वजन टप्प्याटप्प्याने उतरत गेले. ३३० च्या सुमारास पाडलेल्या ‘सैन्याचा गौरव’ या छापावर दोन सैनिकांमध्ये दोन ध्वज दिसतात, तर ३३५ च्या सुमारास वजन पुन्हा घटल्यावर एकच. कालनिर्णयाला ही खूण फार उपयोगी पडते. पाचव्या शतकात नाणे जेमतेम एक ग्रॅमचे उरले. वर उल्लेखिलेल्या कायद्यानुसार सराफाकडून ७,२०० नुम्मुसांना घेतलेला सॉलिडस ७,००० पेक्षा कमी भावात विकता येत नसे. अखेर ४९८ मध्ये पूर्व रोमन सम्राट अनास्टेशियसने ४० नुम्मुसांचे मोठे नाणे पाडले.

मूळ नावे अनिश्चित असल्यामुळे चौथ्या-पाचव्या शतकांतील कांस्य नाण्यांचे वर्गीकरण व्यासावरून चार गटांत करतात; १७ मिलिमीटरहून लहान ती चौथ्या गटात जातात. अशी झिजलेली नाणी तमिळनाडूत करूर व मदुराई येथे, तसेच श्रीलंकेत मोठ्या संख्येने सापडली आहेत. श्रीलंकेत त्यांच्या स्थानिक अनुकृतीही पाडल्या गेल्या.