आकाशातल्या लोखंडाची सुरी

‘उल्केच्या लोखंडाची सुरी कुठल्याही पोलादाला भारी, तिला धार लावावीच लागत नाही.’ हा समज जुना आहे, आणि चुकीचा आहे.

लोखंडी अशनीत, म्हणजे जमिनीवर येऊन पडलेल्या उल्केत, प्रामुख्याने लोखंड आणि निकेल असतं, कार्बन अगदी नगण्य. पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं, ते कार्बनमुळे. तो नसेल तर पाणी द्यायचं कशाला? नुसत्या अशनीचं पातं तुलनेने मऊच राहतं.

शिवाय नुसतं आकाशातलं लोखंड घडवणंही सोपं नसतं, याचा अनुभव जहांगीर बादशहाने लिहूनच ठेवलाय. एप्रिल 1621 मध्ये पंजाबातल्या जालंधर परिसरात अशनी कोसळली. तापलेली जमीन खणून काढलेला तो गोळा 160 तोळे भरला. तलवारी घडवणाऱ्या उस्ताद दाऊदने तो ऐरणीवर घेतला, तर घणाखाली त्याचे तुकडेच झाले! शेवटी तीन भाग आकाशातलं आणि एक भाग साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक सुरी आणि एक खंजीर घडला. तलवारी उत्तम निघाल्या, पण त्या मिश्रणाच्या. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

आजचे कारागीरही सहसा धारेला कार्बन पोलादच ठेवतात, अशनी दोन्ही अंगांना जोडतात. आणि अशनीच्या कापावर आम्लाने उठणारी ती सुंदर तिरपी जाळी? लाखो वर्षं संथ निवताना बनलेली ती नक्षी भट्टीत तापवून ठोकली की मोडते. म्हणून जाळी हवी असेल तर अशनीची न तापवलेली चकती मुठीवर बसवतात.