आईची धास्ती पोटातल्या बाळापर्यंत कशी पोचते?

पंचवटीतला जुना वाडा असो की सिडकोतला फ्लॅट, नाशिकमधल्या गरोदर बाईला ‘जास्त विचार करू नकोस, बाळाला सगळे कळते’ हे वाक्य वरचेवर ऐकावे लागते. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो; पण आधीच काळजीत असलेल्या बाईच्या डोक्यावर त्यामुळे आपण काळजी करतो याचीही काळजी येऊन बसते. म्हणून या वाक्यात तथ्य किती, हे पाहायला हवे.

तथ्य आहे, आणि त्याचा एक ठळक पुरावा एका आपत्तीतून मिळाला. नोव्हेंबर १९८० मध्ये दक्षिण इटलीत मोठा भूकंप झाला, तेव्हा तिथल्या दोन डॉक्टरांनी भेदरलेल्या २८ गरोदर स्त्रियांची सोनोग्राफी केली. या स्त्रियांना १८ ते ३६ आठवडे झालेले होते. सगळ्याच बाळांची हालचाल विलक्षण वाढलेली दिसली आणि ती दोन ते आठ तास तशीच राहिली. त्यानंतर बहुतेक बाळे एक ते तीन दिवस नेहमीपेक्षा शांत होती.

रोजची चिंता म्हणजे भूकंप नव्हे. त्यामुळे पुढच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत सौम्य ताण देऊन पाहिला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॅनेट डिपिएट्रो यांनी गरोदर स्त्रियांना एक सोपी वाटणारी, पण गोंधळात टाकणारी चाचणी दिली. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग झटपट सांगायचा असतो. आई या खटाटोपात असताना बाळाची हालचाल मंदावली आणि त्याच्या हृदयाच्या ठोक्यांमधला चढउतार वाढला. हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, २००० मध्ये, कोलंबिया विद्यापीठातील कॅथरीन मंक यांनी तशाच चाचणीत आणखी एक गोष्ट टिपली होती: मुळातच चिंतातुर स्वभावाच्या आयांच्या बाळांचे ठोके वाढले, इतरांच्या बाळांचे वाढले नाहीत. म्हणजे प्रसंग एकच असला, तरी बाळाचा प्रतिसाद आईच्या एरवीच्या मनःस्थितीप्रमाणे बदलत होता.

आता कोडे असे, की आई आणि बाळ यांना जोडणारी एकही मज्जातंतू नाही. नाळेतून रक्त वाहते, विचार वाहत नाहीत. ताणाच्या वेळी आईच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढते. मात्र वारेमधले (प्लासेंटामधले) एक विकर (एन्झाइम) त्यातल्या बऱ्याचशा भागाचे निष्क्रिय रूपात रूपांतर करते आणि थोडाच अंश पलीकडे जातो. दुसरा मार्ग रक्तपुरवठ्याचा. १९९९ मध्ये लंडनमधल्या १०० स्त्रियांच्या अभ्यासात जास्त चिंतातुर स्त्रियांच्या गर्भाशयाकडे जाणाऱ्या रोहिणीत (धमनीत) रक्तप्रवाहाला अधिक अवरोध आढळला, पण नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा संबंध दिसला नाही. शिवाय चाचणी सुरू होताच बाळ जो प्रतिसाद देते, तो इतका जलद असतो की संप्रेरकाने त्याचा खुलासा होत नाही. आईच्या छातीचे ठोके, रक्तवाहिन्यांतील खळखळ आणि आतड्यांचे आवाज यांत पडणारा फरक बाळ ऐकत असावे, असा एक तर्क आहे आणि मला तो पटण्याजोगा वाटतो.

तरीही प्रतिसाद दिला म्हणजे इजा झाली, असे समजण्याचे कारण नाही. २००६ मध्ये डिपिएट्रो यांच्याच गटाला असे आढळले, की गरोदरपणात मध्यम ताण अनुभवलेल्या आयांची मुले दोन वर्षांची झाल्यावर शारीरिक आणि बौद्धिक विकासात किंचित पुढेच होती. मात्र त्या स्त्रिया शिकलेल्या, निरोगी आणि सुस्थितीतल्या होत्या. सुरगाणा किंवा पेठमधून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या, रोजंदारी बुडण्याची आणि दवाखाना लांब असण्याची धास्ती महिनोन् महिने वागवणाऱ्या बाईला तो निष्कर्ष लावता येणार नाही. तीव्र आणि दीर्घकाळ चालणारी चिंता अकाली प्रसूती आणि कमी वजनाच्या बाळाशी निगडित असल्याचे अनेक अभ्यासांत दिसते. अशा बाईला ‘विचार करू नकोस’ हा सल्ला कुचकामी आहे. तिची विचारपूस, विश्रांती आणि गरज पडल्यास मानसोपचार यांची सोय व्हायला हवी. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

एक गल्लत मात्र टाळली पाहिजे. शेवटच्या महिन्यांत बाळ साधारण २० ते ४० मिनिटे गाढ झोपते आणि तेवढा वेळ हलत नाही. ही झोप ९० मिनिटांपलीकडे क्वचितच जाते. त्याहून अधिक काळ बाळ शांत वाटले, किंवा हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली, तर ‘मीच टेन्शन घेतले म्हणून असेल’ असे म्हणून घरी थांबू नये. सरकारच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची गरोदरपणातली तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला असते खरी, पण अशा वेळी त्या तारखेची वाट न पाहता लगेच जवळचे रुग्णालय गाठून बाळाचे ठोके तपासून घ्यावेत.