वीगन जेवण म्हणजे महागडं सामान?

‘वीगन व्हायचं तर बदामाचं दूध, टोफू, काजूचं क्रीम लागतंच’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. वीगन पाककृतींची पुस्तकं चाळताना तसं वाटणं साहजिक आहे. बरीचशी परदेशी स्वयंपाकघरांसाठी लिहिलेली असतात. पण वीगनचा अर्थ एवढाच, की दूध-तूप, मध, अंडी, मांस वर्ज्य. आता मराठवाड्यातलं ताट बघा. ज्वारीची भाकरी, येसराची (भाजलेल्या डाळी-धान्यं आणि मसाल्यांच्या पिठाची) आमटी, कारळाची चटणी, तिच्यावर कच्चं तेल. यात प्राणिज काय आहे? प्रथिनांची शंका असेल तर पाकिटावर वाचा: 100 ग्रॅम तूरडाळीत साधारण 22 ग्रॅम, शेंगदाण्यात 25. काजूच्या क्रीमऐवजी भिजवलेले दाणे बारीक वाटून घाला, रस्सा छान दाटतो. बी-12 जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही; त्याची गोळी डॉक्टरांना विचारून जरूर घ्या.