निगेटिव्ह व स्लाइडचे मोबाइलने डिजिटलीकरण

जुन्या फिल्मला मागून उजेड द्यायचा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढायचा आणि निगेटिव्ह असेल तर तो फोटो उलटवून मूळ रंगांत आणायचा, अशी ही घरगुती पद्धत. स्कॅनरची जागा ती घेत नाही. पेटीभर पट्ट्यांत काय दडले आहे ते पाहण्यासाठी आणि नातेवाइकांना पाठवण्यासाठी मात्र ती पुरेशी आहे. निगेटिव्हमध्ये नवरीचे काळे केस पांढरे दिसतात आणि दात काळे, त्यामुळे पट्टी उजेडासमोर धरून घरच्यांनाही माणूस ओळखता येत नाही.

मुंबईत हे काम बहुधा घर रिकामे करताना निघते. इमारतीचा पुनर्विकास ठरला की पोटमाळा उपसला जातो आणि स्टुडिओच्या नावाची पाकिटे हाती लागतात. फोटो वाटले गेलेले असतात, निगेटिव्ह तेवढ्या घरी उरतात. रद्दीत जाण्याआधी त्या थांबवल्या तरी शहराची हवा असतेच. फिल्मवरचा प्रकाशसंवेदी थर जिलेटिनचा असतो आणि पावसाळ्यातल्या दमटपणात त्यावर बुरशी धरते. ॲसिटेटच्या फिल्मचा पायाच ओलाव्याने व उष्णतेने विघटित होऊ लागतो. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर ते त्याचेच लक्षण, आणि अशा पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या कराव्यात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. अशा पुरात भिजलेल्या पट्ट्या गुंडाळीतच वाळल्या की एकमेकींना चिकटतात, आणि ओढून सोडवताना चित्रच उचकटून येते. बुरशी लागलेल्या भागाला पाणी लावू नये, कारण बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते. कोरडी धूळ रबरी ब्लोअरने उडवावी. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे शिंतोडे उडतात.

फिल्मचा आकार मोबाइलला अनुकूल नाही. ३५ मिमी फिल्मवरचे चित्र ३६ × २४ मिमीचे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण १२ सेंमीपेक्षा जवळचे स्पष्ट टिपत नाही असे धरले, तर तेवढ्या अंतरावरून त्याला सुमारे १६ × १२ सेंमीचा भाग दिसतो. त्यात निगेटिव्ह ५ टक्क्यांहूनही कमी जागा व्यापते. १ कोटी २० लाख पिक्सेलच्या फोटोतले जेमतेम साडेपाच लाख पिक्सेल हाती लागतात. हीच निगेटिव्ह स्कॅनरवर २४०० डीपीआयने (इंचामागे २४०० बिंदू) स्कॅन केली तर सुमारे ७७ लाख मिळतात. जास्त पिक्सेलचा मोड, मॅक्रो (अगदी जवळून टिपण्याचा मोड) किंवा लेन्सवर चढवायची भिंगाची क्लिप यांनी ही तफावत बरीच कमी होते, पण स्वस्त क्लिपमध्ये चित्राच्या कडा पुसट येतात. त्यामानाने ‘१२०’ नावाची रुंद फिल्म सोयीची. एके काळी भारतात घरोघरी दिसणाऱ्या आग्फा क्लिक ३ चे चित्र ६ × ६ सेंमीचे, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास चौपट. ५ सेंमी चौकटीतली स्लाइड, म्हणजे पडद्यावर दाखवायची फिल्म, मुळात सरळ रंगांची असल्याने ती उलटवावी लागत नाही. तिच्या गडद सावल्यांतले तपशील मात्र मोबाइल सहज गमावतो.

कॅमेऱ्याइतकेच महत्त्व उजेडाला आहे. टॅब्लेटच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह थेट ठेवली तर पडद्याची जाळी फोटोत उतरते. मधे दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवून पट्टी पडद्यापासून दोन-तीन सेंमी वर उचलली की जाळी विरून जाते. पडदा पूर्ण तेजावर ठेवावा. मंद केल्यास काही पडदे लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे येतात. रात्रीचा पिवळसर मोडही बंद असावा. चित्र आणि शेजारची थोडी कोरी फिल्म दिसेल एवढी खिडकी कापलेला काळा कार्डपेपर वर ठेवला की आजूबाजूचा झगझगाट अडतो. पट्टी सपाट करायला काच दाबली तर इंद्रधनुष्यी वलये उमटू शकतात. त्यापेक्षा पट्टी आदल्या रात्री जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावी. खोलीतले दिवे विझवावेत आणि पंखाही बंद करावा. मे महिन्यात ही अट जड जाते, पण वाऱ्याने पट्टी हलते आणि धूळ बसते ती वेगळीच.

पट्टीची चकचकीत बाजू वर, बिनचमकीची बाजू खाली. उलट ठेवल्यास दुकानांच्या पाट्या आरशातल्यासारख्या येतात. मोबाइल पुस्तकांच्या दोन सारख्या चळतींवर आडवा टेकवला तरी चालतो, फक्त तो पट्टीला समांतर हवा. फोकस व प्रकाशमान (एक्सपोजर) पडद्यावर बोट दाबून पक्के करावे आणि टायमर लावावा. फोटो ‘रॉ’ स्वरूपात, म्हणजे मोबाइलने संस्कार न केलेला, घेता आला तर उत्तम, नाहीतर मोबाइल स्वतःच्या समजुतीने फिल्मचे रवे पुसून चेहरे मेणासारखे करतो.

कृष्णधवल निगेटिव्ह उलटवली आणि रंग काढून टाकला की झाले. रंगीत निगेटिव्हच्या तळाशी मुद्दाम दिलेली नारिंगी झाक असते. फिल्ममधले रंगद्रव्य नको तो प्रकाशही शोषते, त्याची भरपाई कागदावर छापताना व्हावी म्हणून ती घातलेली. नुसते उलटवले तर तीच निळी होऊन सगळ्या चित्रावर पसरते. म्हणून उलटवण्याआधी दोन चित्रांमधल्या कोऱ्या नारिंगी जागेवरून व्हाइट बॅलन्स (पांढरा कोणता धरायचा ते) ठरवतात, किंवा नंतर लाल, हिरवा व निळा हे तीन घटक वेगवेगळे जुळवतात. फोटो काढताना ही कोरी जागा चौकटीबाहेर ठेवणे ही नेहमीची चूक.

साल शोधायला चित्रच मदत करते. मागे ट्राम धावत असेल तर तो फोटो ३१ मार्च १९६४ किंवा त्याआधीचा, कारण त्या दिवशी मुंबईची शेवटची ट्राम धावली. पाकिटावर छापलेला पत्ता, दूरध्वनी क्रमांकाचे आकडे, कोपऱ्यात पेनाने लिहिलेले ‘बारसे’ किंवा ‘माथेरान’, हेही उपयोगी पडते. पट्ट्या एकदा बाहेर निघाल्या की कोणती कुठल्या पाकिटातली ते लक्षात राहत नाही, म्हणून पहिला फोटो पाकिटाचा घ्यावा.