आहाराचा दोष की अल्कोहोलचा? यकृतातील ऑक्सिडेटिव्ह ताणाची पार्श्वभूमी
अतिमद्यपान करणाऱ्यांचे यकृत कडक आणि गाठाळ होते, ही गोष्ट लंडनचे मॅथ्यू बेली यांनी १७९३ मध्येच नोंदवली होती. १८१९ मध्ये फ्रान्सच्या लेनेक यांनी अशा यकृताच्या पिवळसर-तपकिरी रंगावरून या विकाराला ‘सिरॉसिस’ हे नाव दिले. कारणाविषयी मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाचा कल भलतीकडेच होता. पिणारा माणूस धड जेवत नाही आणि त्या कुपोषणामुळेच त्याचे यकृत बिघडते, असे मानले जाई. इन्शुलिनच्या शोधातील एक मानकरी चार्ल्स बेस्ट यांनी १९४९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे, शुद्ध अल्कोहोल यकृतपेशींना साखरेपेक्षा अधिक विषारी असल्याचा पुरावा नाही, असे प्रतिपादन केले. बेस्ट यांच्या शब्दाला मोठे वजन होते आणि त्या वजनाखाली अल्कोहोलचा दोष बराच काळ झाकला गेला, असे मला वाटते.

या समजाला छेद देणाऱ्या प्रयोगाची युक्ती साधी, पण फार मोलाची होती. उंदराला अल्कोहोलची चव आवडत नाही. ते पिण्याच्या पाण्यात मिसळले तर तो पाणीच कमी पितो आणि त्याच्या रक्तात अल्कोहोल पुरेसे साठत नाही. बेल्जियममध्ये जन्मलेले व पुढे न्यूयॉर्कमध्ये काम केलेले चार्ल्स लीबर आणि त्यांचे सहकारी डिकार्ली यांनी उंदरांचे सगळे अन्नच द्रवरूप केले आणि अल्कोहोल त्यातच मिसळले. प्रथिने व जीवनसत्त्वे भरपूर असूनही त्या उंदरांच्या यकृतात चरबी साठली. पुढे १९७४ मध्ये, सकस आहार मिळणाऱ्या बबून माकडांतही अल्कोहोलमुळे सिरॉसिस होतो, हे लीबर व रुबिन यांनी दाखवले.

दरम्यान १९६८ मध्ये लीबर व डिकार्ली यांनी यकृतात अल्कोहोल जाळणारा दुसरा मार्ग दाखवला होता. नेहमीचा मार्ग अल्कोहोल डिहायड्रोजिनेज या विकराचा (एन्झाइमचा), तर हा नवा मार्ग आंतर्द्रव्यजालिकेतला, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्यातला. त्याचा मुख्य विकर पुढे सायटोक्रोम पी-४५० २ई१ या नावाने ओळखला गेला. सततच्या पिण्याने हा विकर वाढतो. तो अल्कोहोल जाळताना ऑक्सिजन वापरतो, पण त्याची पकड सैल असल्याने सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही ऑक्सिजनची क्रियाशील रूपे बाहेर निसटतात. लोहाच्या सान्निध्यात त्यांपासून हायड्रॉक्सिल मूलक (फ्री रॅडिकल, म्हणजे अस्थिर व अतिशय क्रियाशील रेणू) तयार होतो आणि तो पेशीपटलातील मेदाम्लांवर तुटून पडतो.

खरे तर डी लुझिओ यांनी १९६३ मध्येच प्रतिऑक्सिडकांनी (अँटिऑक्सिडंटांनी) उंदरांमधील अल्कोहोलजन्य चरबी रोखता येते असे सुचवले होते, पण तेव्हा शरीरातील मुक्त मूलकांची कल्पनाच रुळलेली नव्हती. १९६९ मध्ये मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड निकामी करणारा सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हा विकर शोधला आणि १९८५ मध्ये हेल्मुट झीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ (अशा मूलकांचा मारा पेशीच्या बचावापेक्षा वरचढ होणे) ही संज्ञा रूढ केली, तेव्हा कुठे त्या निरीक्षणाला आधार मिळाला.

पुढच्या शोधांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ग्लुटाथायोनचा. मूलकांना निष्प्रभ करणारे हे द्रव्य पेशीतील तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रियाला) स्वतः बनवता येत नाही, ते पेशीद्रवातून आत घ्यावे लागते; अल्कोहोलमुळे तिचे पटल कोलेस्टेरॉलने ताठर होते आणि ही आवक अडते. पेशीत इतरत्र साठा असूनही ऊर्जा निर्माण करणारी जागाच उघडी पडते. आतड्यातून झिरपणाऱ्या जिवाणूजन्य विषामुळे यकृतातील कुप्फर पेशी (जिवाणू गिळणाऱ्या संरक्षक पेशी) चवताळतात, त्याही मूलकांत भर घालतात.

उपचारात मात्र या ज्ञानाचा उपयोग अजून मर्यादित आहे. ई जीवनसत्त्वाच्या चाचण्यांत रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. तीव्र अल्कोहोलजन्य यकृतदाहाच्या १७४ रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडसोबत ग्लुटाथायोनची भर घालणारे एन-ॲसिटिलसिस्टीन दिल्यावर पहिल्या महिन्यातील मृत्यू २४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. सहा महिन्यांनंतरचा फरक मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही.