क्रक-सांगाड्याची घरे

इंग्लंड व वेल्समधील मध्ययुगीन ग्रामीण घरांचा एक प्रकार. जोत्यापासून थेट आढ्यापर्यंत जाणाऱ्या, आत वळलेल्या ओकच्या दोन जाड दांड्यांच्या जोडीस क्रक म्हणतात. छपराचा भार या जोड्या पेलतात, भिंती नव्हेत. पुष्कळदा एकच बाकदार झाड उभे चिरून त्याचे दोन भाग समोरासमोर उभारीत, त्यामुळे दोन्हींचा बाक जुळत असे. लगतच्या दोन जोड्यांमधील जागा म्हणजे खण. दोन-तीन खणांचे घर सामान्य शेतकऱ्यास पुरे.

या रचनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इंग्रज अभ्यासक एस. ओ. ॲडी यांनी १८९८ मध्ये खणाच्या सुमारे १६ फुटी मापाचा संबंध गोठ्यातील बैलांच्या दोन जोड्यांना लागणाऱ्या जागेशी जोडला. आदिम तंबूसारख्या निवाऱ्यापासून क्रक विकसित झाला, हे मतही दीर्घकाळ प्रचलित होते. मात्र वृक्षवलयांच्या अभ्यासातून आजवर कालनिश्चिती झालेले सर्वांत जुने नमुने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपासचे ठरतात व बहुसंख्य पंधराव्या शतकातील आहेत. लाकूड ओले असतानाच वापरीत असल्याने झाडतोडीचे वर्ष हेच जवळजवळ बांधकामाचे वर्ष मानता येते. त्यामुळे क्रक ही मध्ययुगीन सुतारांची निर्मिती असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अभ्यासक एन. डब्ल्यू. ॲल्कॉक यांच्या क्रक-इमारतींच्या १९८१ च्या सूचीत तीन हजारांहून अधिक नमुने असून इंग्लंडच्या पूर्वेकडील ईस्ट अँग्लिया व आग्नेयेकडील केंट येथे ते जवळजवळ आढळत नाहीत. ओकचा तुटवडा हे त्याचे कारण म्हणता येत नाही, कारण केंटमधील वील्डच्या रानात ओक विपुल होता.

सांगाडा जमिनीवर आडवा जुळवून, सांध्यांवर रोमन अंकांच्या खुणा कोरून, मग उभारीत. कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) खाचेत बसवल्यावर दोन्हींतील भोके मुद्दाम किंचित पुढे-मागे ठेवीत, म्हणजे ओकची खुंटी ठोकताच सांधा आवळला जाई. भिंतीच्या चौकटीत वरच्या तुळईला भोके व खालच्या तुळईला खाच पाडून उभ्या काठ्या बसवीत, त्यांत हेझल या झुडपाच्या फोका विणून दोन्ही बाजूंनी माती, शेण व पेंढ्याचा गिलावा चढवीत. कोकणातील कारवीच्या कुडाशी याचे साम्य ठळक असले, तरी दोन्हींचा ऐतिहासिक संबंध नाही. मधल्या दालनात उघडी चूल असे. धुराने काळवंडलेले वासे अनेक घरांत आजही दिसतात. धुराडी बहुतांशी सोळाव्या-सतराव्या शतकांत आली.

वुस्टरशरमधील लेई कोर्ट येथील चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील धान्यकोठार ही ब्रिटनमधील सर्वांत मोठी क्रक-रचना मानली जाते. मोडलेल्या जहाजांच्या लाकडांतून अशी घरे बांधली, ही लोकप्रिय समजूत मात्र टिकत नाही. तिचा पुरावा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या लाकडांतील रिकाम्या खाचा बहुधा जुन्या इमारतीचे लाकूड पुन्हा वापरल्यामुळे किंवा त्याच घरातील फेरबदलांमुळे. लाकूड काळे व मधल्या भिंती पांढऱ्या रंगवण्याची पद्धतही बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील आहे. विसाव्या शतकात अनेक भिंतींना सिमेंटचा गिलावा केला गेला व हे नुकसान फार खेदजनक आहे: चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते आणि पाचशे वर्षे टिकलेला ओक आतून कुजू लागतो.