स्पिती खोऱ्यातील सायकलिंग

स्पिती हे हिमाचल प्रदेशातील, तिबेटच्या सीमेला लागून असलेले उंच आणि कोरडे खोरे. लाहौल-स्पिती जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग असून काझा हे येथील मुख्य गाव सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सबंध जिल्ह्याची लोकसंख्या ३१,५६४, म्हणजे दर चौरस किलोमीटरला जेमतेम २ माणसे. मोकळ्या पहाडी रस्त्यांवर सायकल चालवू पाहणाऱ्यांसाठी भारतात याच्या तोडीचे प्रदेश थोडे आहेत. मनाली-लेह मार्गाचे नाव मोठे, पण त्यावर उन्हाळाभर लष्करी ताफे, तेलाचे टँकर आणि पर्यटकांच्या गाड्या असतात. स्पितीत मात्र बराच वेळ एकही वाहन न भेटणारे टप्पे आजही आहेत. ही शांतता बारमाही नाही आणि सगळीकडे सारखीही नाही. खिंड उघडी आहे की बंद, ऋतू कोणता आणि आपण कोणत्या फाट्याला वळतो, यांवर ती ठरते.

मार्ग

खोऱ्यात शिरायला दोन वाटा आहेत. पहिली शिमल्याहून सतलजच्या काठाने किन्नौरमधून येते. १८५० मध्ये काम सुरू झालेल्या जुन्या हिंदुस्तान-तिबेट रस्त्याचाच हा वारसा, आता राष्ट्रीय महामार्ग ५. खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते. तेथून महामार्ग ५०५ नाको, समदो, ताबो असा वर चढत काझाला पोहोचतो. शिमला ते काझा हे अंतर सुमारे ४२० किलोमीटर. दुसरी वाट मनालीकडून, ग्रांफू आणि बातलवरून सुमारे ४,५५० मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडून लोसरला उतरते. ती सुमारे २०० किलोमीटरची, म्हणजे लांबीने निम्मीही नाही, पण सायकलस्वाराला तीच जड जाते.

शिमल्याकडून निघालेला सायकलस्वार आठ-दहा दिवसांत हळूहळू उंची गाठतो आणि शरीराला विरळ हवेची सवय होत जाते. मनालीकडून येणारा दोन-तीन दिवसांतच चार हजार मीटरांच्या वर पोहोचतो आणि तेही सगळ्यांत खराब रस्त्यावरून. म्हणून प्रथमच जाणाऱ्याने शिमल्याहून आत शिरावे आणि कुंझुमवरून बाहेर पडावे, हेच योग्य.

रहदारी कधी कमी असते

कुंझुम खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होते आणि साधारणपणे मे अखेर ते जूनच्या सुमारास उघडते. किन्नौरकडचा रस्ता मात्र हिमवृष्टीचे दिवस सोडले तर वर्षभर चालू ठेवला जातो. खिंड बंद असेपर्यंत स्पिती हे एकाच तोंडाचे खोरे राहते. शिमला-काझा-मनाली अशी फेरी मारणाऱ्या जीपगाड्या, टेम्पो ट्रॅव्हलर आणि मोटारसायकलींचे जथे तोपर्यंत येत नाहीत. रस्त्यावर असतात त्या गावकऱ्यांच्या गाड्या, हिमाचल परिवहनची बस, लष्कराची वाहने आणि सीमा सडक संघटनेचे टिपर. मे महिन्यात ताबो ते लोसर या पट्ट्यात सायकल चालवण्याचे सुख त्यामुळे वेगळेच. रात्री पारा शून्याजवळ जातो आणि लोसरच्या पुढे वाट बर्फात संपते, एवढे स्वीकारावे लागते.

दुसरा चांगला काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. पर्यटक ओसरलेले असतात, हिमनद्यांचे पाणी कमी झालेले असते आणि खिंड अजून उघडी असते. या दिवसांत किन्नौरच्या महामार्गावर मात्र सफरचंदांच्या ट्रकांची वर्दळ असते. अरुंद, कड्यात कोरलेल्या रस्त्यावर समोरून भरलेला ट्रक आला तर सायकलस्वाराने डोंगराच्या बाजूला थांबून त्याला वाट द्यावी. दरीच्या बाजूला कधीही उभे राहू नये. जुलै-ऑगस्टमध्ये खुद्द स्पितीत पाऊस फारसा पडत नाही, कारण हे खोरे पर्जन्यछायेत आहे. पण तिथवर नेणारा किन्नौरचा रस्ता दरडींनी अडतो. त्यामुळे पावसाळ्याची सुट्टी साधून येणाऱ्यांची तिथेच निराशा होते.

दिवसाची वेळही महत्त्वाची. भाड्याच्या गाड्या सहसा नाश्त्यानंतर हलतात, म्हणून उजाडताच निघालेल्याला पहिले दोन-तीन तास रस्ता जवळजवळ एकट्याला मिळतो. दुपारनंतर वारा जोर धरतो आणि सुट्या उतारांवरून दगड निसटू लागतात. खाब ते नाको या वळणावळणांच्या चढावर आणि मलिंग नाल्याच्या परिसरात हा धोका विशेष आहे.

उंची आणि पाणी

काझाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, कुंझुमवर तो ५७-५८ टक्क्यांवर येतो. श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यायला हवे. पुणे, मुंबई, नाशिककडचे सायकलस्वार सिंहगड, ताम्हिणी, वरंध, महाबळेश्वर या घाटांत सराव करतात. पाय, पाठ आणि ब्रेकवरचा हात तयार होण्यासाठी तो उत्तमच आहे. पण आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, आणि काझाचा बाजार त्याच्या दुपटीहून उंच. घाटातला सराव फुप्फुसांना विरळ हवा शिकवत नाही. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरांहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा वैद्यकीय सल्ला सायकलवर सहज पाळता येतो. डोकेदुखीबरोबर मळमळ, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे सुरू झाले तर चढणे थांबवून खाली उतरावे. रस्ता जितका मोकळा, तितकी मदत उशिरा मिळते. मोबाईलला रेंज नसलेले पट्टे लांब आहेत आणि सरकारी रुग्णालय काझाला आहे.

बातलकडच्या बाजूला खरा अडथळा नाल्यांचा. पुलाविना रस्त्यावरून वाहणारे हे नाले हिमनद्यांच्या वितळण्यावर चालतात. सकाळी घोट्यापर्यंत असलेले पाणी दुपारी गुडघ्याच्या वर जाते. त्यामुळे छत्रू ते बातल हा टप्पा पहाटे सुरू करण्याचा प्रघात आहे. नाला ओलांडताना सायकल प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरू नये, नाहीतर पाण्याच्या लोटाने ती अंगावर येते. बुटांसहच पाण्यात उतरावे. तळाचे गोटे सुटे आणि निसरडे असतात.

फाटे

स्पितीतले सर्वांत सुंदर सायकलिंग मुख्य रस्त्यावर नाही. काझाहून लांगझा, कोमिक, हिक्किम अशी फेरी घातली तर एका दिवसात आठशे-नऊशे मीटरांची चढण होते. लांगझाच्या परिसरातील काळ्या शेल खडकात जुरासिक काळातल्या समुद्रजीवांचे, अमोनाइटांचे, जीवाश्म सापडतात. ते विकत घेऊ नयेत. जिथले तिथेच राहू द्यावेत. हिक्किमचे टपाल कार्यालय १९८३ पासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर चालू आहे.

दुसरा फाटा ‘की’ गोम्पा (बौद्ध मठ) आणि किब्बरवरून चिचमला जातो. खोल घळीवरचा चिचमचा पूल २०१७ मध्ये खुला झाला. त्याआधी गावकरी तारेवरच्या पाळण्यात बसून घळ ओलांडत. आता कुंझुमकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या पूल पाहण्यासाठी याच बाजूने काझाला उतरतात. त्यामुळे सायकलस्वाराला नदीच्या पलीकडचा रंगरिकवरून जाणारा मूळ महामार्ग अधिक निवांत वाटू शकतो.

तिसरा फाटा पिन खोऱ्याचा. अत्तरगू पुलावरून वळलेला रस्ता मूद गावापाशी संपतो. पुढे फक्त भाबा खिंडीची पायवाट. पुढे जायला रस्ताच नसल्याने ये-जा होते ती केवळ त्या खोऱ्यातल्या गावांपुरती. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ मात्र मुख्य रस्त्यावरच आहे. तिथे एक दिवस मुक्काम केला तर उंचीची सवयही होते आणि मातीच्या भिंतींवरची चित्रे शांतपणे पाहता येतात.

सायकल आणि सामान

किमान ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, डिस्क ब्रेक आणि अगदी हलका पहिला गिअर, या तीन गोष्टींवर तडजोड करू नये. कोरड्या थंडीत आणि धुळीत चेन वारंवार पुसून तिला तेल द्यावे लागते. जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, स्पोक, ब्रेक पॅड आणि आपल्या सायकलचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग सांगाड्याला जोडणारा तुकडा) बरोबर हवा. गिअरच्या सायकलीचे सुटे भाग काझात मिळतील असे गृहीत धरू नये. राहण्या-खाण्याची अडचण कमी आहे. गावागावांत होमस्टे आहेत, थुक्पा, मोमो, राजमा-चावल मिळतो आणि ‘जुले’ (नमस्कार) म्हणून हाक दिली की लोक आपणहून पाणी विचारतात. भारतीयांना परवाना लागत नाही. परदेशी नागरिकांना किन्नौर-स्पितीच्या सीमावर्ती टप्प्यासाठी तो काढावा लागतो.

बदलती रहदारी

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि लेहकडची वाहतूक खिंडीऐवजी त्यातून जाऊ लागली. रोहतांगच्या जुन्या रस्त्यावर मुख्यत्वे परवाना घेतलेल्या पर्यटक गाड्या उरल्या. राष्ट्रीय हरित लवादाने त्यांची मर्यादा दिवसाला १,२०० ठरवली होती. बोगद्यामुळे मनालीहून लाहौलला पोहोचणे सोपे झाले आहे, आणि ग्रांफू-काझा रस्त्याच्या सुधारणेचे कामही टप्प्याटप्प्याने चालू आहे. आजवर बातलच्या खडकाळ रस्त्यानेच मनालीकडच्या गाड्यांना आवर घातला होता. तो पक्का झाला की कुंझुम उघडी असतानाची शांतता मुख्य रस्त्यावर राहणार नाही. आजारी माणसाला दवाखान्यात आणि वाटाणा बाजारात वेळेवर नेणाऱ्या गावकऱ्यांना तो रस्ता हवाच आहे. सायकलस्वारांना मे महिना, पिनचे खोरे आणि लालुंग, देमुल यांसारख्या वरच्या गावांचे रस्ते यांकडे अधिक वळावे लागेल.